दिल्लीची वही

माघातल्या जत्रेची पालखी देवळात परतली, अग्रशाळांतील चुली विझल्या आणि मुंबई-बेळगावकडचे कुळावी आपापल्या गाड्यांना लागले, म्हणजे आमच्या गावावर चार-आठ दिवस एक विलक्षण शांतता उतरते. वर्षाचे मोठे कार्य पार पडलेले असते आणि शिगम्याला अजून अवकाश असतो. गेल्या वर्षी अशाच एका निवांत दुपारी मी माळ्यावरची जुनी पेटी खाली उतरवली. पिवळ्या पडलेल्या पावत्या, लग्नपत्रिका आणि जुनी पंचांगे यांच्या तळाशी निळ्या पुठ्ठ्याची एक वही निघाली. पहिल्या पानावर बाबांच्या वळणदार अक्षरात दोनच शब्द होते : ‘दिल्ली. हिवाळ्यात.’

ही वही मला नवी नव्हती. लहानपणी आम्ही भावंडे तिची थट्टा करीत असू. बाबा देवस्थानच्या कचेरीत लेखनिक होते. समईच्या तेलापासून नैवेद्याच्या तांदळापर्यंत सारा हिशेब त्यांच्या हातून जाई. दिवसभर देवाचा जमाखर्च लिहून झाला, की रात्री कंदिलाजवळ बसून ते या वहीत दिल्लीच्या प्रवासाचा बेत लिहीत. बेत दरवर्षी लिहिला जाई आणि दरवर्षी मोडे. बाबांना दिल्ली अखेरपर्यंत घडली नाही. १९८४ साली ते गेले, तेव्हा वही पेटीत गेली आणि मी मनाशी एक निर्णय देऊन मोकळा झालो, की आमचे वडील सज्जन खरे, पण स्वभावाने धरसोडीचे.

हा निर्णय किती उतावळा होता, ते कळण्यास मला वयाची चौऱ्याहत्तर वर्षे लागली. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

माझ्या पिढीच्या गोमंतकीयाला ‘राजधानी’ हा शब्द दोनदा शिकावा लागला. सकाळी देवळाच्या अग्रशाळेत मराठी शाळा भरे. तेथे मास्तर शिवछत्रपतींच्या आणि पानपतच्या गोष्टी सांगत व त्या गोष्टींत दिल्लीचे तख्त असे. त्यानंतर पोर्तुगीज शाळेत जावे, तर भिंतीवर नकाशा निराळ्याच देशाचा! तेथली राजधानी लिझबोआ, नदी तेजु. त्या नद्यांची आणि आगगाडीच्या स्थानकांची नावे आम्हांला घडाघडा म्हणून दाखवावी लागत. शेजारच्या तालुक्यातील नदीचा उगम आम्हांला ठाऊक नव्हता. तेजुचा ठाऊक होता. आणि त्याच लिझबोआच्या परिसरातील तुरुंगांत आमच्या मुक्तीसाठी झगडणारी माणसे खितपत पडली होती. १९५५ मध्ये पकडले गेलेले मोहन रानडे गोवा मुक्त झाल्यानंतरही सात वर्षे तेथे कैदेत होते. १९६९ च्या जानेवारीत त्यांची सुटका झाली. जी राजधानी आम्हांला तोंडपाठ होती, ती आमच्यासाठी अशी होती.

१९ डिसेंबर १९६१ या दिवशी गोवा मुक्त झाला. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. माझी थोरली बहीण माई सोळा वर्षांची होती. त्यानंतरच्या महिन्यात बाबांनी ही वही घातली. तारीख आहे ‘जानैरु १९६२’. भाषा मराठी, पण महिन्याचे नाव पोर्तुगीज! हाताला लागलेले वळण एका महिन्यात कसे सुटावे?

पुढच्या पानांवर स्थळांची यादी आहे. ग्रंथालयातील पुस्तकांतून आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारून त्यांनी ती जमवली असावी. कुतुबमिनार आणि त्याच्या अंगणातील लोहस्तंभ, ‘इतक्या शतकांच्या पावसात गंज कसा नाही, ते जवळून पाहणे’ अशा टिपणासह. मथुरा रस्त्यावरील हुमायूनची कबर. जयसिंगाने उभारलेले जंतरमंतर. गांधीजींनी आयुष्याचे अखेरचे १४४ दिवस जेथे काढले, ते बिर्ला भवन. बिर्लांनीच बांधलेले लक्ष्मीनारायणाचे मंदिर, आणि त्यापुढे कंसात : ‘१९३९. सर्व जातींना प्रवेश असेल तरच उद्घाटनास येईन, ही महात्माजींची अट. आपल्याकडे?’ देवस्थानच्या नोकरीत असलेल्या माणसाने हे प्रश्नचिन्ह १९६२ साली काढले होते, हे वाचून मी पान उलटण्याचे विसरलो.

लाल किल्ल्याची नोंद सर्वांत मोठी आहे. ‘दिवाण-इ-खास. छताचे रुपे भाऊसाहेबांनी १७६० साली उतरवले. जागा पाहणे.’ मराठी शाळेत ही गोष्ट आम्ही अभिमानाने ऐकली होती. परंतु पोटाला महाग झालेल्या लष्करासाठी दुसऱ्याच्या घराचे छत वितळवावे लागले, यात अभिमान किती आणि करुणा किती, याचा निवाडा त्या रिकाम्या छताखाली उभे राहिल्यावाचून होणार नाही, असे बाबांना वाटले असावे. त्याखाली दोन ओळी : ‘बुराडी घाट. दत्ताजी शिंदे, १० जानेवारी १७६०. यमुनेचे पाणी घेणे.’

यादीच्या समासात वर्षावर्षांची कारणे आहेत. १९६३ : निवडणुका, गर्दी. १९६५ : माईचे लग्न. १९६७ च्या जानेवारीत जनमत कौल होता, गावात घराघरांतून दोन तट पडले होते; बाबांनी एवढेच लिहिले आहे, ‘यंदा घर सोडवत नाही.’ १९६८ च्या आरंभी मात्र समासात कारण नाही. आकडे आहेत आणि आकड्यांखाली ठळक अक्षरात : ‘जमा रु. ४१०. येत्या हिवाळ्यात नक्की.’ त्यानंतरच्या पानावर सारे खोडलेले आहे. १९७१ साली एक ओळ पुन्हा उगवते, ‘युद्ध, पुढे पाहू.’ आणि वही संपते.

आता माझी गोष्ट. १९७९ च्या जानेवारीत कचेरीच्या कामासाठी मी दिल्लीला गेलो होतो. दोन दिवसांचा मुक्काम. धुके इतके दाट, की समोरच्या इमारतीचा मजला दिसू नये. फायली उरकल्या, थंडीला नावे ठेवली आणि परत आलो. ओसरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच बाबांनी विचारले, “किल्ला पाहिलास?” मी म्हणालो, “वेळ कुठला? आणि पाहण्यासारखे तरी काय आहे त्यात?” बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. त्यानंतर पाच वर्षांत त्यांनी दिल्लीचे नाव काढल्याचे मला आठवत नाही.

गेल्या माघात वही वाचून झाल्यावर मी घरात जाहीर केले, की येत्या हिवाळ्यात दिल्ली करायची, आणि माईला बरोबर न्यायचे. माई ऐंशीची आहे. वैधव्यानंतर ती माहेरच्या घरी राहिली. पंढरपूर आणि गोकर्ण यांपलीकडचे जग तिने पाहिलेले नाही.

बेत ठरवणे हे काम किती कष्टाचे असते, ते तेव्हा उमगले. पणजीहून चिरंजीव आले, ते सारा प्रवास हातातल्या यंत्रात आखूनच. मोपाच्या विमानतळावरून अडीच तासांत दिल्ली, चार दिवस, एकवीस स्थळे, त्यांत एक दिवस आग्रा. त्यांनी कोष्टक मोठ्या प्रेमाने वाचून दाखवले. माईने ऐकून घेतले आणि विचारले, “दिल्लीक कितें पळोवंक वता रे तूं?” तिचा प्रश्न मला होता. एकवीस स्थळांची यादी समोर असताना ‘काय पाहायला जातोस’ या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दुसरी अडचण ऋतूची. हिवाळा म्हणजे दिल्लीचा उत्तम काळ, असे आपण पूर्वापार ऐकत आलो. आज ते सरसकट खरे नाही. दिवाळीच्या सुमारास पंजाब-हरियाणात भाताचे काड जाळले जाते, त्यात वाहनांचा आणि कारखान्यांचा धूर मिसळतो. वारा पडलेला असतो, आणि जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली झाकणासारखी कोंडली जाते. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात तेथली हवा म्हाताऱ्या छातीला सोसत नाही. डिसेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत धुक्याचा कहर. गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. पारा चार-पाच अंशांवर उतरतो, आणि आम्ही तर वीस अंशांना कानटोपी शोधणारी माणसे! प्रजासत्ताक दिनाचे संचलन डोळ्यांनी पाहावे, अशी माझी इच्छा होती. परंतु भल्या पहाटे त्या गारठ्यात तासन्‌तास बसणे माईला झेपणारे नाही, असे आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

उरला फेब्रुवारी. ऊन कोवळे, धुके विरलेले, हवाही पुष्कळ निवळलेली. राष्ट्रपती भवनाची बाग याच दिवसांत लोकांसाठी खुली होते. तिला २०२३ पासून अमृत उद्यान म्हणतात. परंतु फेब्रुवारी म्हणजे बहुधा माघ, आणि माघ म्हणजे जत्रा. आमच्या घराण्याकडे पालखीपुढची एक छोटी सेवा आहे. ती चुकवून देशाटन करणे माईच्या कल्पनेतही येणार नाही. बाबांचा हिवाळा दरवर्षी याच दोन भिंतींत सापडत असे. अखेर ठरले, की माघी पौर्णिमा होऊन गेली, देव देवळात स्थिरावला, की निघायचे. घरच्या देवांची पूजा अडू नये म्हणून सौभाग्यवतींनी मागे राहणे पत्करले. “तुम्ही भावंडेच जा,” त्या म्हणाल्या. “तुमच्या बाबांचा प्रवास आहे तो.”

एवढे ठरले, तरी यादी उरलीच. एका संध्याकाळी दिवेलागणीनंतर मी वही माईपुढे ठेवली आणि म्हणालो, “बाबांना इतकी हौस होती, तर गेले का नाहीत? ६८ साली पैसे जमले होते. हे बघ, चारशे दहा. मग खोडले कशाला? त्यांचा स्वभावच मेला धरसोडीचा.”

माईने चष्मा लावून ते पान जवळ घेतले. खोडलेल्या ओळींखाली अगदी बारीक अक्षरात काही होते, ते मी शाईचा डाग समजून सोडून दिले होते. तिने बोट ठेवले. तेथे लिहिले होते, ‘जून. धारवाड. खर्ची.’

१९६८ च्या जूनमध्ये मी धारवाडला कॉलेजात गेलो. फी, वसतिगृह आणि पुस्तके यांचे पैसे बाबांनी एकरकमी माझ्या हातात ठेवले होते. ‘यंदा नारळांचा पाडा चांगला झाला,’ असे ते मला म्हणाले होते, आणि मी ते खरे मानले होते.

“पाडो बरो जालो म्हण सांगिल्लें न्ही तुका?” माई शांतपणे म्हणाली. “ते पयशे तुज्या शिकपाक गेले. हांव तेन्ना म्हायेराक आयिल्लीं. म्हाका कळटालें.”

पन्नासांहून अधिक वर्षे ती हे जाणून होती. तिला बाबांनी ‘सांगू नकोस’ म्हटले असावे, आणि ते गेल्यावरही तिने तो शब्द पाळला. मी त्या पैशांवर शिकलो, त्या शिक्षणावर नोकरी मिळवली, त्या नोकरीने मला दिल्लीला पाठवले, आणि परत येऊन मी बाबांना सांगितले, की पाहण्यासारखे तेथे काही नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे देवळातली चौघड्याची नौबत ऐकू आली, तेव्हा उठून मी वही पुन्हा पहिल्यापासून वाचू लागलो. आणि तेव्हा यादीच्या वरची ओळ दिसली. इतक्या वेळा वाचूनही मी तिला प्रवासमार्गाची रूक्ष नोंद समजून ओलांडून गेलो होतो : ‘मडगाव, कुळे, कॅसलरॉक (पास नको), लोंढा, बेळगाव, पुणे (गाडी बदलणे), दिल्ली.’

‘पास नको.’ आजच्या वाचकाला या दोन शब्दांचे वजन कदाचित कळणार नाही. नाकेबंदीच्या वर्षांत कॅसलरॉकच्या घाटातून येणारी आगगाडी बंद झाली होती. बेळगावला दिलेली आत्या मरणाला टेकली, तेव्हा बाबांनी परवान्यासाठी खेपा घातल्या. परवाना हाती आला तोवर आत्या गेली होती. घाटमाथ्यावरचे गाव परके, आणि समुद्रापलीकडची राजधानी आपली, असा तो न्याय! बाबांच्या यादीतले पहिले प्रेक्षणीय स्थळ दिल्लीत नव्हतेच. कोणालाही कागद न दाखवता घाट चढून जाणे, हेच त्यांचे पहिले दर्शन होते. पुढची दिल्ली त्या वाटेच्या शेवटी होती.

माईच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले. विमानाचा बेत मी मोडला. चिरंजीवांना प्रथम नवल वाटले. वही वाचल्यावर त्यांनी स्वतःच गोवा एक्स्प्रेसची चौकशी केली. वास्कोहून दुपारी निघणारी ही गाडी मडगाव, कुळे, कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव याच वाटेने पुण्याला जाते, आणि पुढे भोपाळ, ग्वाल्हेर करीत तिसऱ्या दिवशी हजरत निजामुद्दीनला पोचते. पुण्याला आता गाडी बदलावी लागत नाही, एवढाच काय तो फरक. सुमारे चाळीस तासांचा प्रवास. वृद्धांना मिळणारी भाड्यातील सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. परंतु आमच्या वयाकडे पाहून खालचे दोन्ही बर्थ मिळाले. आरक्षण साठ दिवस आधी उघडते. त्या दिवशी सकाळी चिरंजीव आमच्याआधी उठून बसले होते.

एकवीस स्थळांची सात झाली. दिवसाला दोनांहून अधिक नाही. दुपारी विश्रांती. सोमवारी लाल किल्ला आणि राष्ट्रीय संग्रहालय बंद असतात, म्हणून सोमवार लक्ष्मीनारायणाला दिला. तेथे बाबांच्या प्रश्नचिन्हापुढे काय लिहायचे, ते आम्ही दोघे मिळून ठरवू. संग्रहालयात मोहेंजोदडोची नर्तकी पाहायची. सुमारे साडेचार हजार वर्षांच्या तोऱ्याने उभी असलेली ती मूर्ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंच आहे, हे ऐकून माईला फार गंमत वाटली. “म्हणजे आमच्या देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाएवढी,” ती म्हणाली. लाल किल्ल्यासाठी एक अख्खी सकाळ राखून ठेवली आहे. संसद भवन बाहेरूनच पाहू. गोव्याला ३० मे १९८७ रोजी घटक राज्याचा दर्जा मिळाला आणि १९९२ साली कोकणी भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली, ते निर्णय याच नगरीत झाले. त्या वास्तूसमोर उभे राहून माईने आपल्या कोकणीत दोन शब्द बोलावेत, एवढी माझी इच्छा आहे. आग्रा गाळले. बुराडी घाट मात्र राहिला. यमुनेची आजची अवस्था मला ठाऊक आहे. ते पाणी घरी आणण्याजोगे नाही. आम्ही काठावरून हात जोडू.

बेत पुरा झाला त्या दिवशी मी माईला विचारले, “इतक्या लांबच्या प्रवासाची भीती नाही ना वाटत?” ती वाती वळत होती. हात न थांबवता तिने जे सांगितले, ते मी मराठीत देतो. “सोळाव्या शतकात आपले देव कुशस्थळी-केळशीहून रात्रीच्या रात्री नदी ओलांडून अंत्रुजात आले, असे तूच लोकांना सांगतोस. ते भीतीने निघाले होते. आपण भीतीने निघालेलो नाही. मग कसली भीती?”

यावर मी काय बोलणार?

तिकिटे देव्हाऱ्याखालच्या खणात वहीत घालून ठेवली आहेत. माईची लोकरीची शाल उन्हे खाऊन तयार आहे, माझी कानटोपीही. जत्रेची धांदल सुरू होईल, पालखी निघेल, परतेल, अग्रशाळांतील चुली विझतील. मग मडगावच्या फलाटावर आम्ही दोघे म्हातारी भावंडे गाडीत बसू. कुळे मागे पडेल, दूधसागराच्या बाजूने गाडी घाट चढू लागेल, आणि दिवस मावळण्याच्या सुमारास कॅसलरॉक येईल. तेथे कोणी पास मागणार नाही. मी वही उघडून त्या ओळीवर खूण करीन. बाकीची दिल्ली त्यानंतर.